गावात एक दिवसाचे शिबिर घ्यावे, की वर्षभराची वही ठेवावी?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: तळकोकणातील आपल्या वाडीची वस्ती साधारण सहाशे, गेल्या दोन वर्षांत तिथे चौघांना अर्धांगवायूचा झटका आला, घरटी एक तरी माणूस ‘प्रेशर’ किंवा ‘शुगर’च्या गोळीवर आहे, आणि मुंबईच्या मंडळाने जमवलेल्या पैशांतून येत्या गणपतीत एक दिवसाचे महाआरोग्य शिबिर घ्यायचे घाटत आहे. एका प्रयोगशाळेने साठ-सत्तर चाचण्यांचे पॅकेज देऊ केले आहे आणि त्यातील कोणत्या घ्याव्यात, हे आपल्याला हवे आहे. जोडीला दोन उपप्रश्न आहेत. आजोबांच्या काळी नसलेले हे आजार आताच कुठून आले, आंब्यावरील फवारणीमुळे तर नव्हेत ना. आणि आईचा रक्तदाब एकदा १५०/९० आला, तर गोळी सुरू करावी का.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत मिळून मी पंचवीसेक वर्षे रुग्ण पाहत आलो आहे. त्यांतील पहिली काही वर्षे सरकारी आरोग्य केंद्रात गेली. चाचण्यांची यादी मी पुढे देतोच, पण ती सर्वांत सोपी बाब आहे. शिबिरात ज्याचा रक्तदाब जास्त आढळेल, त्या माणसाचे पुढच्या बारा महिन्यांत काय होणार, याचे उत्तर मंडळाकडे असेल तर शिबिर घ्यावे. नसेल तर ते पैसे दुसरीकडे अधिक कामाला येतील.

आधी झटक्यांचे प्रमाण खरोखर वाढले आहे का, ते पाहू. भारतात जिथे पक्षाघाताच्या नीट नोंदी ठेवल्या गेल्या, तिथे वर्षाला लाख लोकसंख्येमागे साधारण शंभर ते दीडशे नवे रुग्ण आढळतात. त्या हिशेबाने सहाशे वस्तीत दोन वर्षांत एक किंवा दोन झटके अपेक्षित धरावे लागतील. मात्र हा आकडा सर्व वयांच्या मिश्र लोकसंख्येचा आहे, आणि आपल्या वाड्या तशा राहिलेल्या नाहीत. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावत्या वयाचा माणूस मुंबई-पुण्यात असतो, म्हातारी माणसे गावी राहतात, आणि गिरणीतून किंवा नोकरीतून निवृत्त झालेला चाकरमानी पंचवीस-तीस वर्षांचा शहरी आहार, बैठक आणि तंबाखू शरीरात घेऊन परत येतो. पक्षाघाताचा धोका वयाबरोबर झपाट्याने चढतो. ज्या वाडीत निम्मी माणसे पंचावन्नच्या पुढची आहेत, तिथे दोन वर्षांत तीन-चार झटके दुर्दैवाने अनपेक्षित म्हणता येणार नाहीत. म्हणूनच दोन गावांची किंवा दोन काळांची तुलना करताना वयाचा फरक आधी काढून टाकावा लागतो. तो न काढता ‘आमच्या गावात काहीतरी आहे’ या निष्कर्षावर येणे ही साथरोगशास्त्रातील फार जुनी चूक आहे.

फवारणीबद्दल म्हणाल, तर फवारणाऱ्याने तोंड-हात झाकले नाहीत तर त्याला विषबाधा होऊ शकते, आणि त्याची काळजी वेगळी घेतलीच पाहिजे. पण चार झटक्यांचे खापर तिच्यावर फोडण्याआधी त्या चौघांचा रक्तदाब झटक्यापूर्वी किती होता, ते गोळी नियमित घेत होते का, तंबाखू किंवा मशेरी होती का, हे विचारून पाहावे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा गोष्ट तिथेच उलगडते.

वय वजा केल्यावरही वाढ उरतेच, हेही खरे. ती केवळ आपली नाही. हृदयविकार व पक्षाघात, कर्करोग, दीर्घकालीन श्वसनविकार आणि मधुमेह अशा असंसर्गजन्य आजारांनी जगात दरवर्षी चार कोटींहून अधिक माणसे दगावतात, म्हणजे एकूण मृत्यूंच्या सुमारे तीन-चतुर्थांश. आणि सत्तरीच्या आत होणाऱ्या अशा मृत्यूंपैकी बहुसंख्य गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि उच्च रक्तदाबाचे ३५.५ टक्के आढळले. मधुमेहात सर्वांत वर होता गोवा, २६.४ टक्के. सिंधुदुर्गातल्या बांद्यापलीकडचे हे राज्य. तेच मासे, तोच भात, तोच नारळ. फरक आहे तो पैसा, वाहन आणि बैठ्या कामाचा, आणि त्या वाटेवर आपण त्यांच्या मागोमाग आहोत.

‘आमची माणसे तर काटक, त्यांना शुगर कशी?’ हा प्रश्न मला दर महिन्याला ऐकू येतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापून याचे उत्तर दिले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस वरून सडपातळ दिसतो आणि पोटात चरबी बाळगतो. त्यामुळे आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक उपयोगी: कंबरेचा घेर पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या वर गेला, की साखर तपासावी.

आता शिबिराकडे येतो. मी स्वतः असे शिबिर घेतले आहे, तेही हौसेने. देवळाच्या सभामंडपात टेबले मांडली, रांग लागली, संध्याकाळपर्यंत वहीत कितीतरी नावे लाल शाईने लिहिली गेली, वर्तमानपत्रात फोटो आला. लाल शाईतील प्रत्येकाला ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ असे सांगितले होते. दाखवायला आलेले हाताच्या बोटांवर मोजता आले. सहा महिन्यांनी त्याच वहीतील एक गृहस्थ वाकड्या तोंडाने आणि लुळ्या हाताने माझ्याकडे आणले गेले. चिठ्ठी त्यांच्या खिशात होती, नीट घडी घालून ठेवलेली. त्या दिवसापासून पाठपुराव्याची सोय नसलेल्या शिबिराला मी जात नाही.

हा एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देऊ नये. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन परिसरात सुमारे साठ हजार लोकांवर एक प्रयोग झाला. त्यांतील काहींना तपासणी आणि त्यानंतर पाच वर्षे जीवनशैलीचे समुपदेशन देण्यात आले, बाकीच्यांना नाही. दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, तेव्हा हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांत दोन गटांमध्ये फरक दिसला नाही. तो देश वेगळा, हे मान्य: तिथे प्रत्येकाला कुटुंबवैद्य असतो आणि ज्यांचा आजार कळायचा त्यांचा बहुधा आधीच कळलेला असतो, आपल्याकडे अनेकांना पत्ताच नसतो. म्हणून रक्तदाब मोजणेच व्यर्थ, असा अर्थ मी काढणार नाही. पण मोजून सल्ला दिला की काम झाले, ही समजूत मात्र त्या प्रयोगाने खोटी ठरवली आहे.

सत्तर चाचण्यांच्या पॅकेजात आणखी एक मेख आहे. प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ मर्यादा साधारणपणे अशी आखलेली असते, की शंभर निरोगी माणसांपैकी पाच जण तिच्या बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एका ठणठणीत माणसावर केल्या, तर निदान एक तरी ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता ६४ टक्के असते. सत्तरांचे काय होईल, ते आपणच ताडावे. मग तो माणूस ठळक आकडा घेऊन कणकवली, कोल्हापूर, मुंबई करत बसतो, आणि शेजारची १८० रक्तदाबाची म्हातारी ‘माका काय होता?’ म्हणून घरीच राहते.

गणपतीचे दिवस तर मोजमापाला सर्वांत वाईट. रात्री भजने, झोपेचे खोबरे, सकाळी मोदक, घर पाहुण्यांनी भरलेले. त्यात रांगेत उभी राहणारी निम्मी माणसे आठ दिवसांनी परत मुंबईला जाणारी. वर्षभर गावात राहणाऱ्या ज्या माणसांसाठी पैसे जमले, ती चुलीपाशी असतात.

यापेक्षा वेगळे काय करता येते, यासाठी वेल्समधील ग्लिनकोरग या कोळसा खाणीच्या गावाचे उदाहरण मला नेहमी आठवते. जेमतेम दोन हजार वस्तीच्या त्या गावात डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट एकटे व्यवसाय करत. ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक त्यांच्यापर्यंत ती सर्वांत कमी पोहोचते, हा १९७१ मध्ये मांडलेला नियम त्यांचाच. १९६० च्या दशकाअखेरीस त्यांनी गावातील जवळजवळ प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजला, जे आले नाहीत त्यांच्यामागे चिकाटीने लागले, आणि सापडलेल्यांना वर्षानुवर्षे बोलावत राहिले. पंचवीस वर्षांच्या या कामाचा आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा शेजारच्या तशाच एका गावापेक्षा ग्लिनकोरगमधील अकाली मृत्यूंचे प्रमाण एक-चतुर्थांशाहून अधिक कमी होते. भारी यंत्र एकही नव्हते. कोण आले नाही, हे ज्यात दिसते अशी यादी मात्र होती.

आपली वाडी त्याच्या एक-तृतीयांशाहूनही लहान आहे. मी मंडळाच्या जागी असतो, तर मतदार यादी घेऊन तिशीपुढच्या प्रत्येक रहिवाशाचे नाव दोनशे पानी वहीत लिहिले असते, एका माणसाला एक ओळ, पुढे बारा महिन्यांचे बारा रकाने. दंडावर बांधायची, प्रमाणित दोन डिजिटल यंत्रे घेतली असती, मनगटावरची नकोत. आणि गावातीलच दहावी-बारावी झालेल्या दोन सुनांना महिन्याचे मानधन ठरवून आशाताईंच्या आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या सोबत जोडून दिले असते. सरकारी योजनेत तिशीपुढच्यांची तपासणी आहेच, गोळ्याही फुकट आहेत. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला घेतलेल्या मोजक्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग होता. ठरावीक दोन-तीन साधी औषधे, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, घराजवळच्या केंद्रात तपासणी आणि न आलेल्याचा शोध, एवढीच त्याची रचना. मंडळाने समांतर दवाखाना थाटण्याऐवजी या शेवटच्या कामाला, न आलेल्याच्या दारात जाण्याला, हातभार लावावा. ‘आता बरा वाटता, मगे गोळी कित्याक?’ हे वाक्य त्या दारातच ऐकू येते, आणि त्याचे उत्तरही तिथेच, पडवीत बसून द्यावे लागते.

मोजायचे कसे, हे त्या दोघींना एक दिवस नीट शिकवून घ्यावे. एक प्रसंग सांगतो. सत्तरीच्या एका आजींचा वरचा आकडा एका शिबिरात १७८ भरला होता. त्या खालच्या वाडीतून पाखाडी चढून आल्या होत्या, पोलक्याची घट्ट बाही दंडात रुतली होती, मोजणाऱ्या मुलाशी त्यांची नातवाविषयी चर्चा चालू होती, आणि लघवीला जायचे होते ते त्यांनी रांग मोडू नये म्हणून अडवून धरले होते. त्यांना जाऊन यायला सांगितले, पाठ टेकून पाय जमिनीवर ठेवून दहा मिनिटे गप्प बसवले, दंड हृदयाच्या पातळीवर उशीवर ठेवला आणि पुन्हा मोजले: १४६. हा आकडाही दुसऱ्या दिवशी पडताळायला हवाच, पण दोन्हींवरून होणारे उपचार सारखे नसते. मध्यम व उतारवयात वरच्या आकड्यात सुमारे २० ची वाढ ही पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका जवळजवळ दुप्पट करते, हे दहा लाख लोकांच्या एकत्रित माहितीवरून २००२ मध्येच दिसले आहे. त्यामुळे तीस-बत्तीसची चूक क्षुल्लक समजू नये.

यापुढचे काम वहीबाहेरचे आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की बहुतेक झटके फार उंच रक्तदाबाच्या थोड्या माणसांना नव्हे, तर थोडा वाढलेल्या रक्तदाबाच्या पुष्कळ माणसांना येतात. कारण ती संख्येनेच अफाट असतात. अशा प्रत्येकाला गोळी देता येत नाही. सगळ्या वाडीचाच रक्तदाब दोन-तीन अंकांनी खाली ओढायचा, तर तो रस्ता स्वयंपाकघरातून, म्हणजे मिठातून जातो.

जपानचे उदाहरण आपल्याला विशेष जवळचे आहे. उत्तर जपानातील लोक भात, खारवलेले मासे, मिठातली लोणची आणि सोयाबीनची खारट पेस्ट यांवर लांब हिवाळा काढत. १९५० च्या दशकात तिथे दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाई आणि ऐन उमेदीतील शेतकरी पक्षाघाताने जात. पुढे मीठ कमी करण्याची मोहीम झाली, घरोघर शीतकपाट आले, रक्तदाब मोजून उपचार सुरू झाले, आणि १९६५ नंतरच्या काही दशकांत पक्षाघाताचे मृत्यू सुमारे चार-पंचमांशाने घटले. तिथे लांब हिवाळा होता, आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि पेजेच्या वाडग्याशेजारी भाजलेला खारा बांगडा, लोणचे, पापड, वरून चिमूटभर मीठ. नुसत्या उन्हात वाळवलेला जवळा वेगळा आणि मिठात मुरवून वाळवलेला बांगडा वेगळा. दुसरा खायचाच असेल तर पाणी बदलून दोनदा भिजवावा, आणि त्या दिवशी लोणच्याची बरणी उघडू नये. मी कोणालाही सुकी मासळी सोडायला सांगत नाही. सांगितले तरी कोण ऐकणार?

घरात मीठ किती जाते, हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. पाच माणसांच्या घराला महिन्याला ७५० ग्रॅम. पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहावी. किलोची पिशवी चाळीस दिवसांच्या आत संपली, तर बांगडा आणि पापड हिशेबात न धरताच आपण मर्यादेबाहेर आहोत. चीनमधील सहाशे खेड्यांत, पूर्वी पक्षाघात झालेल्या किंवा उच्च रक्तदाब असलेल्या साठीपुढच्या सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या प्रयोगात, चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरल्याने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, असे २०२१ मध्ये दिसले. आपल्याकडेही असे मीठ मिळते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

मशेरीविषयी थोडक्यात. तव्यावर तंबाखू जाळून सकाळी दात घासणाऱ्या आमच्या बायका तिला व्यसन मानतच नाहीत, आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. प्रश्न नाव घेऊनच विचारावा, ‘मशेरी लावता का?’, आणि विजेरीच्या उजेडात तोंड पाहावे. केरळमध्ये तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांचे तोंड अशा साध्या पद्धतीने तपासल्याने तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ मध्ये दिसून आले. कोणत्याही रक्तचाचणीने हे साधत नाही.

राहिली चाचण्यांची यादी. रक्तदाब आणि कंबरेचा घेर सर्वांचा, उपाशीपोटी साखर तिशीपुढच्यांची, तंबाखू-मशेरीवाल्यांचे तोंड, आणि तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची गर्भाशयमुख व स्तन तपासणी, पण आरोग्य केंद्रातील आडोशात, सभामंडपात नव्हे. साखर १२६ किंवा जास्त आली आणि लक्षणे नसतील, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिल्याशिवाय मधुमेहाचा शिक्का मारू नये. १०० ते १२५ मधल्यांना दुर्लक्षून चालणार नाही: चेन्नईत ग्लुकोज पाजल्यानंतरची साखर सीमेवर असलेल्या लोकांना चालणे आणि आहार यांवर सातत्याने धरून ठेवले, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह ३९ टक्क्यांना झाला, आणि नुसता सल्ला दिलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना. कोलेस्टेरॉल, मूत्रपिंड, हृदयाचा आलेख या चाचण्या ज्यांचा रक्तदाब किंवा साखर जास्त आहे त्यांच्या, डॉक्टर सांगतील तेव्हा.

यातील पुष्कळसे आपल्या परिस्थितीवर ठरेल. उपकेंद्र किती लांब आहे, पावसात साकवावरून जाता येते का, तिथे गोळ्यांचा साठा सलग असतो का, हे आधी जाऊन पाहा. साठा खंडत असेल, तर मंडळाच्या पैशांचा पहिला उपयोग मधल्या महिन्यांच्या गोळ्यांसाठी. आणि मंडळातील देणगीदारांना फोटो हवाच असेल, तर वहीचे उद्घाटन गणपतीत करावे. मोजणे मात्र दसऱ्यानंतर, भातकापणी उरकली की.

आईंबद्दल. एकाच वेळच्या १५०/९० वरून मी गोळी सुरू करणार नाही, आणि दुर्लक्षही करणार नाही. सात दिवस सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, पाच मिनिटे शांत बसवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि सगळे आकडे जसेच्या तसे लिहा. नको वाटणारा आकडा गाळू नका. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर आली, तर तो कागद घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्या. आधी कधी साखर, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर सरासरीची वाट न पाहता न्या. मध्येच कधी १८०/१२० च्या वर आकडा, तोंड वाकडे होणे, हातातले भांडे निसटणे किंवा बोबडी वळणे असे काही दिसले, तर ती वेळ लक्षात ठेवून तडक जिथे सीटी स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयात. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि आपल्या वाडीपासून त्यातला बराच वेळ रस्त्यातच जाणार आहे. तेव्हा रात्री-अपरात्री गाडी कोणाची मिळेल, ते नाव आणि नंबर वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.